नाक खाजवणारी गाय

अथेन्स,
१२ जानेवारी १९६४

श्रीमती झांबेता मावरिकी यांस,

आपण आणि घरची मंडळी कुशल असाल अशी आशा आहे. बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे. कारण अभ्यासाचं आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

येत्या दहा एप्रिलला नाणी जमवणाऱ्या आमच्या मंडळात मला एक निबंध वाचायचा आहे. विषय आपल्या एरेत्रियाचं जुनं चांदीचं नाणं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या एका बाजूला गाय उभी आहे. ती मान मागे वळवून मागच्या पायाच्या खुरानं नाक खाजवते आहे आणि तिच्या पाठीवर एक पाकोळी बसली आहे. दुसऱ्या बाजूला ऑक्टोपस आहे. माझं म्हणणं असं, की ही गाय म्हणजे पुराणातली इओ. बिचारी पोरगी झ्यूस देवाच्या नजरेत भरली, त्याची बायको हेरा हिच्या धाकानं गाय होऊन बसली, आणि मागे गोमाशी लागल्यानं देशोदेशी भटकत राहिली. नाण्यावर ती त्या गोमाशीलाच हटवते आहे.

आणखी एक गोष्ट. नाण्याच्या कडेला एक खोल चीर आहे. त्या काळी मिसरातले व्यापारी आपली नाणी अशी कापून आत खरी चांदी आहे का ते बघायचे. म्हणजे हे नाणं नाईल नदीपर्यंत जाऊन आलेलं आहे.

आपण चाळीस वर्षं गुरं पाळता. तेव्हा एवढंच कळवावं : गाय असं नाक कधी खाजवते, कुठल्या पायानं, आणि त्या वेळी तिच्या पाठीवर पाखरू बसतं का? उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

लाम्ब्रिनीकडे गोड बातमी असल्याचं कळलं. अभिनंदन.

आपला,
सारांदिस द्रोसोस, दंतवैद्य


एरेत्रिया,
२२ जानेवारी

सारांदिस,

'आपण'! आठ महिन्यांचा होतास तेव्हापासून तुला कडेवर घेऊन मी गुरांमागं फिरले. तुझा शेंबूड पुसून माझ्या एप्रनचा रंग गेला. आणि आता मी 'श्रीमती' आणि 'आपण'? सही करताना 'दंतवैद्य' लिहायला मात्र विसरला नाहीस. मला काय दात काढून घ्यायचेत?

नऊ वर्षं झाली. आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाला आलास, प्रसादाचे गोड गहू खाल्लेस, आणि संध्याकाळच्या बोटीनं गेलास. दुसऱ्या दिवशी मी दिवा लावायला गेले तर माता मरियमच्या चित्रामागं ठेवलेलं नाणं गायब! त्या जागी तुझी चिठ्ठी. ती अजून आहे माझ्याकडं. तुला आठवत नसेल म्हणून जशीच्या तशी उतरवते : 'मिळाले : एक चांदीचे नाणे. सुरक्षित ठेवण्यासाठी व अभ्यासासाठी. सा. द्रोसोस, दंतवैद्य.' सख्ख्या बहिणीला चिठ्ठी! परटाकडं कपडे देताना देतात तशी!

माझा नवरा, स्तेर्गिओस, गेला तेव्हा तुझी तार आली. तू नाही आलास.

आता तू विचारतोस 'एरेत्रियाचं जुनं नाणं'. जसं काही मला माहीतच नाही ते कुठलं. अरे, ते नाणं काय काचेत ठेवायची चीज आहे? बाबांना द्राक्षमळ्यात मिळालं तेव्हापासून आपल्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या उशीखाली आईनं ते ठेवलं. सगळ्यात आधी तुझ्या. तू दोन वर्षांचा होतास, पण आई म्हणाली, ह्याच्या वेळी घरात चांदी नव्हती, आता ह्याचं राहिलेलं उरकते. मग आपल्या धाकट्या दोघी, मग माझी लाम्ब्रिनी. बाळाला पहिल्यांदा बघायचं तर चांदी लावून बघायचं. एवढी साधी रीत आणि घरात तेवढी एकच चांदी.

लाम्ब्रिनीचे दिवस एप्रिलच्या सुरुवातीला भरतात. दोन वेळा पडून झालंय तिचं, हे तुला कुणी कळवलं नसेल. या खेपेला ती रोज त्या चित्राकडं बघते आणि मला विचारते, 'आई, मामा देईल ना?' मी काय सांगू तिला? मामानं चिठ्ठी दिलीय म्हणून?

गायीचं विचारतोस. नाणं आण, मग सांगते.

पाकीट वापरलं. तिकीट चांगलं चिकटलं होतं.

झांबेता


अथेन्स,
३ फेब्रुवारी

झांबेता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या भावजयीनं, एव्हांथियानं, वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

रागावू नकोस, नीट ऐक. ते नाणं आता नुसतं आपलं राहिलेलं नाही. माझ्या संग्रहाची सरकारदरबारी नोंद आहे, प्रत्येक नाण्याला क्रमांक आहे, त्याचा क्रमांक एकेचाळीस. परवानगीशिवाय ते ह्या घराबाहेर जाऊ शकत नाही. मी ते तसंच माता मरियमच्या चित्रामागं राहू दिलं असतं तर कुणीतरी उचललंच असतं. (माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणू नकोस.)

त्यातून मी एक मार्ग काढला आहे. सोबतचं लाकडी खोकं उघड. त्यात नाण्याचा ठसा आहे. दात बसवताना ज्या प्लास्टरमध्ये जबड्याचा साचा घेतो त्याच बारीक प्लास्टरमध्ये काढलाय. दोन्ही बाजू. गायीच्या पापण्यासुद्धा मोजता येतील. वर चांदीचा रंग दिलाय. उशीखाली कुणाला फरक कळणार नाही. लाम्ब्रिनीला माझे आशीर्वाद सांग.

आता तरी गायीचं सांगशील का? दहा एप्रिल जवळ येतोय. आमच्या मंडळाचे अध्यक्ष इओवर पुस्तक लिहून बसलेत. माझ्या गोमाशीवर त्यांचा फार जीव आहे.

सारांदिस


एरेत्रिया,
१५ फेब्रुवारी

सारांदिस,

प्लास्टर! माझ्या नातवंडाला प्लास्टर! प्लास्टर मोडलेल्या हाडाला लावतात रे शहाण्या. बाळ जन्माला यायच्या आधीच त्याचे हातपाय मोडलेस की काय?

खोकं उघडलं तेव्हा शेजारची म्हातारी किरियाकूला बसली होती. तिनं चष्मा लावून उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की हे नाणं ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासाचं आहे. म्हणाली, 'एका बाजूला गाय, म्हणजे मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. दुसऱ्या बाजूला ऑक्टोपस, म्हणजे हा चालतो. पुरोहितानं गावात वाटलं असणार, लोकांनी विसरू नये म्हणून.' मी म्हटलं, 'अगं काकू, हे ख्रिस्ताच्या आधी पाचशे वर्षांचं आहे.' तर म्हणाली, 'म्हणून काय तेव्हा लोक उपास करत नव्हते?' हेही तुझ्या मंडळात वाच. तुझ्या इओपेक्षा बरं आहे.

कारण तुझी इओ चूक आहे. नाणं आणल्याशिवाय सांगणार नव्हते, पण चूक बघवत नाही मला. गोमाशी लागलेली गाय कधी बघितलीयस? विसरलास? जुलैमध्ये ती माशी आली की आपली माव्रा शेपूट ताठ करून दऱ्याखोऱ्यांतून उधळायची आणि तू रडत मागं पळायचास! गोमाशी लागली की गाय एका जागी तीन पायांवर उभी राहून निवांत नाक खाजवत नाही. आणि पाठीवर पाखरू बसेल? ती उधळतेय आणि पाखरू गादीवर बसल्यासारखं बसलंय? तुझ्या अध्यक्षांना म्हणावं, जुलैमध्ये या.

नाक अशी खाजवते गाय मार्चमध्ये. थंडीची लव सुटायला लागते, अंगभर खाज सुटते. गळा खांबाला घासते, पण नाकाला खांब पोचत नाही, म्हणून मागचं खूर. जो पाय हाताशी लागेल तो, डावा-उजवा तिला कुठला ठाऊक. आणि पाकोळ्या तेव्हाच येतात दक्षिणेकडून. सुटलेली लव चोचीत धरून घरट्यात अंथरतात. गाय हलत नाही, कारण तिलाही बरं वाटतं. बस, एवढंच आहे तुझ्या नाण्यावर. मार्च महिना आहे तो.

आता चीर. मी आठ वर्षांची होते, अंगणात उभी होते. बाबांनी मळ्यात नाणं उकरलं, घरी आणलं, ओंडक्यावर ठेवलं आणि खरी चांदी आहे का बघायला छाटणीच्या कोयत्यानं घाव घातला. दुसरा घालणार तेवढ्यात आईनं डाव घेऊन पाठ शेकली त्यांची. डाव वाकला. तो वाकलेला डाव अजून माझ्याकडं आहे, पाठवू का मिसरला?

प्लास्टर उंबऱ्यावर ठेवलं होतं. पार्दाला, म्हणजे माझी ठिपक्यांची गाय, तिनं चाटून चाटून आधी ऑक्टोपस संपवला, मग गायीला, म्हणजे स्वतःलाच, संपवलं. तुझे चांदीचे रंग तिला बाधले नाहीत.

लाम्ब्रिनी बरी आहे. बाळ लाथा मारतं.

झांबेता


अथेन्स,
२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुपारचे रोगी परत पाठवले आणि नाणं भिंगाखाली धरलं. चिरेच्या आत पाहिलं. जुन्या चांदीवर जो काळपट थर चढतो तो आत नाही. बाहेर आहे, आत नाही. किडून पडलेला दात आणि काल मोडलेला दात ह्यातला फरक मी रोज बघतो, शिकाऊ पोरांना तेच शिकवतो. नऊ वर्षं हे नाणं माझ्या हातात आहे आणि मला दिसलं नाही. दिसू द्यायचं नव्हतं, असंच म्हण. नाईलपर्यंत जाऊन आलेलं नाणं फार मोठं वाटत होतं. आता बघतो तर तो आपल्या बाबांचा कोयता आहे. त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. सबंध दुपार त्या चिरेवर अंगठा ठेवून बसलो होतो.

तू मला चोर म्हणतेस. म्हण. पण ते नाणं मी अभ्यासासाठी नेलं नव्हतं, हे आज सांगून टाकतो.

आईच्या चाळिसाव्याला आलो तेव्हा एव्हांथियाला पाचवा महिना होता. अकरा वर्षांनी. कुणाला सांगायचं नाही असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, नजर लागेल म्हणून. आई असती तर तिला न सांगताच कळलं असतं. मी देव्हाऱ्यापाशी उभा होतो आणि ते नाणं दिसलं. मला वाटलं, बाळ येईपर्यंत न्यावं, उशीखाली ठेवावं, आणि बाळासकट परत आणून द्यावं. तुला काय सांगणार होतो? तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून ती मूर्खासारखी चिठ्ठी लिहिली.

बाळ आठव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. नाणं पाळण्यात तयार होतं.

मग मी ते कसं परत आणणार होतो, ताई? कुठल्या हातांनी? मी त्याला क्रमांक दिला, ट्रेमध्ये मखमलीवर ठेवलं आणि अभ्यास सुरू केला. एव्हांथिया त्या खोलीत येत नाही. आणि स्तेर्गिओसच्या वेळी बोटीचं तिकीट काढलं होतं, धक्क्यापर्यंत गेलोही होतो.

लाम्ब्रिनीचं दोनदा पडलं हे मला ठाऊक नव्हतं. हे नाणं तिच्या उशीखाली ठेवावं का, हे आता तूच ठरव. आमच्याकडे ते शुभ ठरलं नाही.

सारांदिस


एरेत्रिया,
६ मार्च

माझ्या सारांदिसा,

का नाही रे सांगितलंस? नऊ वर्षं मी तुला शिव्या घातल्या. रोज दिवा लावताना घातल्या, माता मरियमच्या तोंडावर. आता तिची माफी मागून झाली, तुझी राहिली.

त्या बाळाला बघितलं असतं मी. गेलेलं असलं तरी बघितलं असतं. एकट्यांनी काय म्हणून सोसलंत दोघांनी? ती एव्हांथिया, तिला मी गर्विष्ठ समजत होते. आईच्या चाळिसाव्याला तिनं दारूला हात लावला नाही तेव्हा मी बायकांना म्हटलं होतं, बघा, अथेन्सच्या बाईला आमची दारू चालत नाही. जीभ झडो माझी.

नाण्याचं विचारतोस. वेड्या, नाणं काही करत नसतं. आपल्या धाकट्या दोघींपैकी एक सातव्या वर्षी तापानं गेली, तिच्याही उशीखाली तेच होतं. म्हणून आईनं ते फेकलं का? पुसलं आणि लाम्ब्रिनीसाठी पुन्हा काढलं. चांदी लावायची ती बाळाला कळावं म्हणून, की बाबा, तुझी वाट बघणारं कुणीतरी होतं. बाकी देवाच्या हातात.

लाम्ब्रिनीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती खूप रडली आणि मग म्हणाली, मामीलाही घेऊन यायला सांग.

सोबत लाल-पांढऱ्या दोऱ्याची दोन कडी आहेत, मार्चची. एक तुझं, एक एव्हांथियाचं. लहानपणी घालायचो तशीच मनगटात घाला. पहिली पाकोळी दिसली की काढा आणि झाडाला बांधा. अथेन्समध्ये झाडं असतील ना?

आणि हे ऐक. नाणं पोस्टानं पाठवू नकोस, कुणाच्या हाती देऊ नकोस. तुझ्या हातानं आण. नाणं नसेल आणता येत तर तसाच ये. पण आधी प्रयत्न कर, कारण मी अजून पूर्ण विरघळलेली नाही.

तुझी ताई


अथेन्स,
३१ मार्च

ताई,

दोन्ही कडी आम्हा दोघांच्या मनगटांवर आहेत. रोगी विचारतात, डॉक्टर, हे काय शाळकरी पोरासारखं? एव्हांथियानं तिचं हातात घेतलं आणि म्हणाली, 'हे तिनं माझ्या मापाचं केलंय.' मग स्वतःहून त्या खोलीत आली. नऊ वर्षांनी. ट्रेमधलं नाणं उचललं, खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाहून म्हणाली, 'गाय बरी दिसते.'

परवानगीसाठी अर्ज केला. पुरातत्त्व खात्यात एक सडपातळ गृहस्थ बसतात. अर्जात एक रकाना आहे, 'वस्तू हलवण्याचे कारण'. मी लिहिलं, 'बाळाच्या उशीखाली ठेवणे.' गृहस्थांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, 'डॉक्टर, ह्या रकान्यात प्रदर्शन, दुरुस्ती किंवा अभ्यास एवढंच लिहितात.' मी म्हटलं, 'मग मी खोटं लिहू?' ते म्हणाले, 'नको, पण मग हे वरच्या साहेबांकडे जाईल.' आता ते वरच्या साहेबांकडे आहे. त्यांच्यावरही एक साहेब आहेत म्हणतात. ईस्टरच्या आत होईल की नाही, सांगता येत नाही. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन त्या बाकावर बसतो. दुसराही एक कागद केलाय, त्याचं नंतर सांगेन.

निबंध फाडला. नवा लिहितोय. पण एक भीती आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून तुझं पत्र आहे आणि प्लास्टर चाटणारी गाय आहे. समोर अध्यक्ष आहेत. पाकोळी आली का गं? पार्दाला काय करते? जे दिसेल ते तारखेसकट लिही.

सारांदिस


एरेत्रिया,
५ एप्रिल

सारांदिसा,

मुलगी! काल सकाळी, चार तारखेला, उजाडता उजाडता. लाम्ब्रिनी ठीक आहे, दमलीय. बाळाचं वजन मासळीच्या काट्यावर केलं, निकिफोरोस जावई आपला कोळी, त्याच्याकडं दुसरा काटा नाही. सव्वातीन किलो. ओरडते अशी की बंदरातल्या नावा वळून बघतात. निकिफोरोस तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ऑक्टोपस वाटत सुटलाय. म्हातारी किरियाकूला म्हणाली, 'बघ, नाण्याची दुसरी बाजू.'

आता सगळे बघायला येतात आणि आपापली चांदी लावून जातात, कुणी चमचा, कुणी बटण. मी उशीखालची मधली जागा मोकळी ठेवलीय. चांदी लावायला चाळीस दिवस आहेत, मे महिन्याच्या मध्यापर्यंत. बाकावर बसून राहा.

पुरावा लिहून घे. पहिली पाकोळी मार्चच्या सव्वीस तारखेला आली, गोठ्याच्या आढ्यावर बसली, तेच मागल्या वर्षीचं घरटं. पार्दालाची लव त्याच आठवड्यात सुटायला लागली. एकोणतीस तारखेला, रविवारी, चर्चहून आले तेव्हा ती आवारात तीन पायांवर उभी होती. मान मागं, मागचं डावं खूर नाकपुडीला. डोळे मिटलेले. आणि सारांदिस, देवाशपथ, पाकोळी तिच्या कमरेवर उतरली. चोचीत केस धरले आणि ओढले. पार्दालानं खूर खाली ठेवलं नाही.

मी तिथंच उभी राहिले. चाळीस वर्षं हे बघतेय आणि कधी बघितलंच नव्हतं. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ह्याच गावात असाच उभा राहिला असेल आणि म्हणाला असेल, हेच काढायचं नाण्यावर. राजा नाही, देव नाही. हिवाळा संपला, एवढंच. मला तो माणूस फार आवडला. त्याच्याकडं गाय होती हे नक्की.

दोरा काढा आता.

ताई


अथेन्स,
१४ एप्रिल

ताई,

मुलगी! एव्हांथिया खाली बेकरीत गेली आणि अनोळखी लोकांना सांगून आली.

आता दहा तारखेचं ऐक. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, 'हा निबंध माझ्या बहिणीचा आहे, ती एरेत्रियात गायी पाळते, माझं त्यात फक्त अक्षर आहे.' मागे कुणीतरी खोकलं. मग इओ काढून टाकली, मिसर काढून टाकला, मार्च ठेवला. पार्दालाची तारीखवार हकिगत वाचली. मागची मंडळी हसायला लागली. अध्यक्ष म्हणाले, 'डॉक्टर द्रोसोस, आपण पुराणांच्या जागी गोठा बसवता आहात.' मी म्हटलं, 'गोठा आधीचा आहे.'

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे न्यायाधीश उठले. संग्रहात फक्त घुबडं, म्हणजे अथेन्सची घुबडाच्या छापाची नाणी, ठेवतात, दहा वर्षांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, 'माझ्या आईची गाय असंच करायची. मी हे नाणं पन्नास वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी मला घराची आठवण का येते ते कळत नव्हतं.' आणि खाली बसले. त्यानंतर कुणी हसलं नाही. चिरेचंही सांगितलं मी. डावासकट.

परवानगी अजून नाही. पण सडपातळ गृहस्थ आता मला बघून कॉफी मागवतात. म्हणतात, वरच्या साहेबांनाही नुकतीच नात झालीय. बघू.

दोरा घराखालच्या संत्र्याच्या झाडाला बांधला. पाकोळी मी पाहिली नाही, एव्हांथियानं पाहिली. तिच्यावर माझा विश्वास आहे.

सारांदिस


तार : अथेन्स, ३० एप्रिल १९६४

कागद झाला. ईस्टरच्या शनिवारी ओरोपोसहून दुपारची बोट. आम्ही दोघं. कोकरू उरकू नका. सारांदिस


एरेत्रिया,
८ मे

माझ्या सारांदिसा,

तुम्ही गेल्यावर घर मोकळं वाटतंय. ईस्टरच्या लाल अंड्यांची टरफलं अजून दारात आहेत, झाडायचा जीव होत नाही. बाळ तुझ्या बायकोला शोधतं. हसू नकोस, खरंच शोधतं. तीन दिवस एव्हांथियानं तिला खाली ठेवलं नाही, आता आम्ही कुणी घेतलं की ती नापसंतीचं तोंड करते. जाताना धक्क्यावर एव्हांथिया मला म्हणाली, 'ताई, मी सप्टेंबरात बाप्तिस्म्याला येईन, त्याआधीही येईन.' मला ताई म्हणाली. मी काही बोलू शकले नाही, मी! निकिफोरोसनं बंदरभर सांगितलंय की सासूबाई गप्प होत्या.

बाप्तिस्म्याला बाळाला तूच धरायचंस. नाव आईचंच, असिमिना, हे ठरलंय.

पण तू मला पुन्हा फसवलंस. शनिवारी आलास, हात धुतलेस, नाणं बाळाच्या छातीवर ठेवलंस. मग तू ते उशीखाली सरकवलंस. मला वाटलं, जाताना मखमलीच्या डबीत घालून परत नेशील, सरकारी नोंद आहे म्हणून. मी मनाशी तयारीही केली होती, न्यायचं तर नेऊ दे, हातानं आणलं ना. तुमची बोट गेली, अंथरूण बदलायला उशी उचलली, तर नाणं तिथंच! आणि त्याच्याखाली घडी घातलेला कागद.

मला वाटलं, झालं, पुन्हा चिठ्ठी.

उघडून वाचला. तीन शिक्के, दोन सह्या. 'वस्तू क्रमांक एकेचाळीस. धारक बदलून : झांबेता, विधवा स्तेर्गिओस मावरिकी. व्यवसाय : गुरे पाळणे. ठिकाण : एरेत्रिया.' म्हणजे हा तुझा दुसरा कागद होता तर. मी तो लाम्ब्रिनीला वाचून दाखवला, मग किरियाकूलाला, मग गोठ्यात जाऊन पार्दालाला. पार्दालानं चाटायला जीभ काढली, मी वेळेवर मागं घेतला.

आता नाणं बाळाच्या उशीखाली आहे. चाळीस दिवस झाले की माता मरियमच्या चित्रामागं जाईल, पुढच्या बाळापर्यंत. तुझ्या ट्रेमध्ये त्याची जागा रिकामी दिसेल, वाईट वाटेल तुला, म्हणून तिथं ठेवायला सोबत एक कागद पाठवते. नऊ वर्षं मी तुझा सांभाळला, आता तू माझा सांभाळ.

'मिळाले : एक चांदीचे नाणे. एका बाजूला मार्चमधली गाय, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपस, कडेला बाबांचा कोयता. वापरण्यासाठी.
झांबेता मावरिकी, गायवाली.'